पारदर्शकाचे दर्शन : पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील दीप्तिभेद

मराठीत ‘फोटोग्राफ’साठी ‘छायाचित्र’ हा शब्द रुळला आणि तो इतका अंगवळणी पडला की त्यातील ‘छाया’ आता कोणाला जाणवतही नाही. क्ष-किरणांनी घेतलेल्या चित्राला तर तो अक्षरशः लागू पडतो. हाड क्ष-किरणांना अडवते, मांस तितकेसे अडवत नाही. हाडामागे पोहोचणारे किरण कमी होतात आणि फिल्मवर हाडाची छाया उमटते. चित्रातील उजळ व काळ्या भागांमधील फरक, ज्याला प्रयोगशाळांतून सर्रास ‘कॉन्ट्रास्ट’ म्हटले जाते, हा येथे निव्वळ अडवणुकीचा हिशेब असतो. पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून मिळालेले चित्रही आपण याच सवयीने वाचतो : काळे आहे तेथे काहीतरी आहे, पांढरे आहे तेथे काही नाही. ही सवय काही चित्रांच्या बाबतीत चालून जाते, काहींच्या बाबतीत अर्धवट चालते आणि ज्या चित्रांवर आजच्या जीवशास्त्राचा व धातुविज्ञानाचा मोठा भाग उभा आहे त्यांच्या बाबतीत ती उघड फसवते. ‘कॉन्ट्रास्ट’ला ‘छायाभेद’ असा प्रतिशब्द सहज सुचण्याजोगा आहे. पण जेथे छायाच पडत नाही तेथे तो वाचकाला भलत्या वाटेला लावील. म्हणून प्रस्तुत लेखात ‘दीप्तिभेद’ हा शब्द योजला आहे. चित्रातील दोन बिंदूंच्या दीप्तीत फरक आहे, एवढेच तो सांगतो. तो फरक कशामुळे पडला याविषयी आधीच निकाल देत नाही.

हा विषय समजून घेण्यास बंगळुरू हे शहर विशेष सोयीचे आहे. येथील भारतीय विज्ञान संस्थेत १९३५-३६ साली चंद्रशेखर वेंकट रामन आणि एन. एस. नागेंद्र नाथ यांनी प्रकाशाविषयी जे विवेचन केले, त्यात या प्रश्नाचे मर्म जणू आधीच मांडले गेले होते, जरी त्यांचा विषय इलेक्ट्रॉन नव्हता. त्याच संस्थेत १९८५ साली एका विचित्र मिश्रधातूच्या चित्रांचा अर्थ लावण्याचे काम झाले. आणि शहराच्या उत्तरेस, जक्कूर व बेळ्ळारी रस्त्याच्या परिसरात, या तंत्राची आजची दोन टोकाची रूपे एकमेकांपासून थोड्या अंतरावर नांदत आहेत. या तिन्हींचा क्रम मात्र कालानुसार लावण्यापेक्षा प्रश्नाच्या चढत्या अवघडपणानुसार लावणे अधिक उपयुक्त ठरेल.

प्रथम यंत्राविषयी थोडे. मॅक्स क्नोल व एर्न्स्ट रुस्का यांनी १९३१ मध्ये बर्लिन येथे पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभारला. रुस्का यांना त्याबद्दल १९८६ मध्ये, म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर, नोबेल पारितोषिक मिळाले. निर्वात नळीत वरच्या टोकाला इलेक्ट्रॉन निर्माण होतात, उच्च विद्युत्-दाबाने वेग घेतात, चुंबकीय भिंगांतून खाली येतात आणि वाटेत ठेवलेल्या अत्यंत पातळ नमुन्यातून आरपार जाऊन तळाशी प्रतिमा घडवतात. ‘पारगामी’ हे विशेषण या आरपार जाण्यामुळे. २०० किलोव्होल्ट दाबाखाली इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ७० टक्के होतो आणि त्याची तरंगलांबी ०.००२५ नॅनोमीटर इतकी अल्प असते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर आहे. नमुन्याची जाडी बहुधा १०० नॅनोमीटरच्या आत ठेवावी लागते, अणू पाहावयाचे असतील तर त्याहून पुष्कळच कमी.

इतक्या वेगाचा इलेक्ट्रॉन इतक्या पातळ पदरात शोषला जात नाही. नमुन्यावर पडलेले जवळजवळ सर्वच इलेक्ट्रॉन पलीकडे निघतात. काहींची दिशा बदलते, म्हणजेच त्यांचे प्रकीर्णन होते. काही थोडी ऊर्जा गमावतात. पुष्कळसे जसे आले तसेच पुढे जातात. नमुन्यात अडकून कोणी राहत नाही. मग चित्रात काळे येते कोठून? या यंत्राविषयीचा खरा प्रश्न हाच आहे, आणि त्याला एकच एक उत्तर नाही.

सर्वांत सोपे उत्तर एका छिद्रात आहे. नमुन्याखालच्या मुख्य भिंगाच्या (वस्तुभिंगाच्या) मागे धातूच्या पातळ चकतीत काही मायक्रोमीटर ते काही दशक मायक्रोमीटर व्यासाचे एक भोक असते. जे इलेक्ट्रॉन मोठ्या कोनातून वळले ते या चकतीवर आदळतात आणि प्रतिमेपर्यंत पोहोचत नाहीत. जड अणूंचे अणुकेंद्र अधिक विद्युत्-भारित असल्याने ते इलेक्ट्रॉनांना अधिक जोराने वळवतात. जाड भागात वळण्याची संधी अधिक वेळा येते. परिणामी जड किंवा जाड भाग चित्रात काळे दिसतात. अडवणारा पदार्थ नमुना नव्हेच. नमुन्याने फक्त वाट बदलली, अडवले ते यंत्राने. भोकाचा व्यास बदलला की तेच चित्र अधिक गडद किंवा अधिक फिकट होते, यावरून हे पुरेसे स्पष्ट होते.

सजीवांचे घटक कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन अशा हलक्या मूलद्रव्यांचे असल्याने त्यांच्या बाबतीत हा भेद फारच क्षीण पडतो. म्हणून पेशींचे छेद ऑस्मियम, युरेनियम, शिसे यांच्या संयुगांनी रंगवण्याची पद्धत रूढ झाली. दुसरी पद्धत याच्या उलट : कणाभोवती जड धातूच्या लवणाचा द्रव सुकवायचा, म्हणजे कण उजळ आणि त्याचा परिसर काळा उमटतो. मराठी वाचकाने याचे एक उदाहरण पाहिलेले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने भारतातील पहिल्या निश्चित कोविड रुग्णाच्या घशातील नमुन्यातून टिपलेले करोना विषाणूचे चित्र २०२० च्या मार्चमध्ये वृत्तपत्रांतून सर्वत्र झळकले. सुमारे ७५ नॅनोमीटर व्यासाचा तो वाटोळा कण आणि त्याच्या कडेवरील दांडोरे पाहून लोकांनी ‘हाच तो’ म्हणून ओळखले. पण त्या चित्रात जे उमटले होते ते प्रामुख्याने विषाणूभोवती साचलेले धातूचे लवण होते. मुद्रेच्या ठशावरून मुद्रा ओळखावी तशी ही ओळख. ती खोटी नव्हती, निदानासाठी पुरेशीही होती. मात्र विषाणूच्या अंतरंगाविषयी ती काही सांगू शकत नव्हती, आणि लवणाच्या कणांहून सूक्ष्म असे काही दाखवणेही तिला शक्य नव्हते.

स्फटिकांच्या बाबतीत हिशेब बदलतो. स्फटिकात अणू ओळीने व थरांनी रचलेले असतात, त्यामुळे इलेक्ट्रॉन वाटेल त्या दिशेने विखुरत नाहीत. थरांमधील अंतर आणि आपाती शलाकेचा कोन यांच्या विशिष्ट मेळातच ते जोराने वळतात. यालाच विवर्तन म्हणतात, आणि हा मेळ सांगणारा नियम ब्रॅग यांच्या नावाने ओळखला जातो. स्फटिकाचा एखादा भाग त्या कोनात आला की तेथून शलाकेचा मोठा हिस्सा दुसरीकडे वळतो आणि तो भाग काळा होतो, जरी तेथे पदार्थ इतर ठिकाणांहून तसूभरही अधिक नसला. धातूच्या किंचित वाकलेल्या पापुद्र्यात रुंद काळे पट्टे दिसतात. नमुना जरासा कलवला की ते पट्टे पापुद्र्यावरून सरकत जातात. नवख्या माणसाला ते डाग वाटतात. पण डाग असे चालत नाहीत.

याच तत्त्वावर पीटर हर्श, रॉबर्ट हॉर्न आणि मायकेल व्हेलन यांनी १९५६ मध्ये केंब्रिज येथे ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यातील स्थानभ्रंश प्रत्यक्ष दाखवले. स्थानभ्रंश म्हणजे अणूंच्या रचनेतील रेषारूप दोष. धातू वाकतो तो या दोषांच्या सरकण्यामुळे, असे १९३४ पासून सांगितले जात होते, पण तोवर ते बव्हंशी कागदावरचेच होते. चित्रात ते बारीक काळ्या रेषा म्हणून प्रकटले, कारण दोषालगतचे थर थोडे वाकलेले असतात आणि तेवढ्यापुरता ब्रॅगचा मेळ जमतो. या पद्धतीतील सर्वांत सुंदर भाग मात्र रेषा दिसण्यात नाही, ती नाहीशी होण्यात आहे. दोषामुळे जे थर विस्थापित झालेले नाहीत नेमक्या त्याच थरांपासून वळलेल्या शलाकेने चित्र घेतले की ती रेषा लुप्त होते. कोणत्या थरांच्या बाबतीत ती लुप्त होते हे पाहून अणू कोणत्या दिशेने सरकले आहेत ते ठरवता येते. न दिसणे हा येथे पुरावा असतो, आणि तो दिसण्यापेक्षा अधिक नेमका असतो.

छिद्र बाजूला सरकवून सरळ आलेली शलाका अडवली आणि वळलेल्या शलाकांपैकी एकच आत घेतली, तर चित्र उलटते : पार्श्वभूमी काळी होते आणि त्या शलाकेला जन्म देणारे भाग तेवढे उजळून निघतात. याला कृष्णक्षेत्र प्रतिमा म्हणता येईल. वरवर पाहता ही एक साधी युक्ती आहे; पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्फटिकविज्ञानातील एक मोठा वाद याच युक्तीच्या आधारे लढला गेला.

८ एप्रिल १९८२ रोजी अमेरिकेत काम करीत असलेल्या डॅन शेख्टमन यांना ॲल्युमिनियम व मँगनीज यांच्या, अतिवेगाने थिजवलेल्या मिश्रधातूत दहा ठिपक्यांच्या वर्तुळांचे विवर्तनचित्र दिसले. स्फटिकात अशी सममिती असूच शकत नाही, हे पाठ्यपुस्तकांतील प्रमेय होते; सुसम पंचकोनी फरशांनी जमीन फटीशिवाय भरता येत नाही, तसे. यावर तयार उत्तर होते जुळ्या स्फटिकांचे : निरनिराळ्या दिशांना वळलेले अनेक साधे स्फटिक एकमेकांना चिकटले असतील तर त्यांच्या ठिपक्यांची बेरीज फसवी सममिती दाखवू शकते. कृष्णक्षेत्र प्रतिमेने या उत्तराची परीक्षा घेता येते. एका ठिपक्याची शलाका घेऊन चित्र काढावे. जुळे असतील तर कणाचा एकच तुकडा उजळेल, आणि दुसरा ठिपका घेतल्यास दुसरा. शेख्टमन यांना तुकडे सापडले नाहीत. जो ठिपका घ्यावा त्याने तोच संपूर्ण भाग उजळत होता. त्यांचा निबंध १९८४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. लायनस पॉलिंग यांच्यासारख्या दोन नोबेल पारितोषिके मिळवलेल्या शास्त्रज्ञाने १९८५ मध्ये ‘नेचर’मधून जुळ्यांचाच सिद्धान्त पुन्हा मांडला आणि अखेरपर्यंत तो सोडला नाही. पॉलिंग यांचा युक्तिवाद हेकेखोर म्हणून आज सहज निकालात काढला जातो. ते योग्य नाही. सूक्ष्मदर्शकाने जेवढे तुकडे वेगळे दाखवता येतात त्याहूनही बारीक जुळे असतील तर काय, ही शंका तंत्राच्या मर्यादेवर नेमके बोट ठेवणारी होती, आणि तिचे निराकरण पुढे अधिक सूक्ष्म प्रतिमांनी व क्ष-किरणांनी करावे लागले.

बंगळुरूला हा विषय तत्काळ उचलला गेला. भारतीय विज्ञान संस्थेतील के. चट्टोपाध्याय, एस. रंगनाथन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्येच ॲल्युमिनियम-मँगनीज मिश्रधातूंचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने अभ्यास करून बंगळुरूहून निघणाऱ्या ‘करंट सायन्स’मध्ये आपले निष्कर्ष मांडले. त्यांत एका वेगळ्याच रचनेची नोंद होती : एका अक्षाच्या दिशेने ती नेहमीच्या स्फटिकासारखी ठरावीक अंतराने पुनरावृत्त होते, पण त्या अक्षाला लंब असलेल्या प्रतलात दशकोनी सममिती दाखवते आणि कोठेही स्वतःची पुनरावृत्ती करीत नाही. त्याच वर्षी लिओनिद बेंडरस्की यांनी अमेरिकेत स्वतंत्रपणे हीच रचना नोंदवली. दशकोनी क्वासीक्रिस्टल म्हणून ती आज सर्वमान्य आहे. १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्फटिकविज्ञान संघाने स्फटिकाची व्याख्याच बदलली; जो घन पदार्थ सुस्पष्ट ठिपक्यांचे विवर्तनचित्र देतो तो स्फटिक, असा तिचा आशय आहे. वस्तूची व्याख्या तिच्या रचनेवरून न करता तिच्या चित्रावरून केली गेली, ही गोष्ट भाषाभ्यासकांनाही विचार करावयास लावणारी आहे. शेख्टमन यांना २०११ मध्ये नोबेल मिळाले.

आतापर्यंतच्या दोन्ही प्रकारांत काही इलेक्ट्रॉन बाहेर ठेवून चित्र घडवले जात होते. नमुना अतिशय पातळ आणि हलका असेल तर बाहेर ठेवण्याजोगेही फारसे काही उरत नाही. असा नमुना इलेक्ट्रॉनांना जवळजवळ पूर्ण पारदर्शक असतो; आणि तरीही त्यातील अणू दिसू शकतात. हे कसे होते याचा उलगडा करण्यासाठी रामन आणि नाथ यांच्याकडे वळणे इष्ट आहे.

द्रवातून श्राव्यातीत, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंप्रतेच्या, ध्वनितरंगांचा प्रवास चालू असताना त्यातून आडवा प्रकाश सोडला तर तो अनेक शलाकांत विभागून बाहेर पडतो, हे १९३२ मध्ये अमेरिकेत व फ्रान्समध्ये आढळून आले होते. द्रव तर स्वच्छ आहे, तो प्रकाश शोषत नाही. मग ही विभागणी कशाने होते? रामन १९३३ मध्ये कलकत्त्याहून बंगळुरूस आले होते आणि १९३४ मध्ये त्यांनी स्थापलेल्या भारतीय विज्ञान अकादमीच्या वृत्तांतातून त्यांनी व नाथ यांनी याचे उत्तर लेखमालेच्या रूपाने दिले. ध्वनीमुळे द्रवात दाट व विरळ पट्टे पडतात. दाट पट्ट्यातून जाणारा प्रकाश किंचित मागे पडतो, विरळातून जाणारा किंचित पुढे राहतो. आत शिरताना सपाट असलेले तरंगाग्र बाहेर पडताना पन्हळी पत्र्यासारखे झालेले असते. प्रकाशाची तीव्रता सर्वत्र पहिल्याइतकीच आहे. बदलली आहे ती तरंगाच्या चढ-उताराची वेळ, म्हणजे त्याची कला. द्रवाला लागून पडदा धरला तर त्यावर काहीच दिसणार नाही. पण पन्हळी तरंगाग्र पुढे जाते तसे त्याचे भाग एकमेकांत मिसळतात, व्यतिकरण होते आणि अदृश्य असलेला कलाभेद दृश्य दीप्तिभेदात उतरतो. पडद्याचे अंतर बदलत गेल्यास ही दृश्यता ठरावीक क्रमाने वाढते व ओसरते. नाथ यांनी १९३६ मध्ये या आवर्तनाचा स्वतंत्र विचार केला आहे.

ज्याने उन्हाळ्यात स्वच्छ पाण्याच्या कुंडाचा किंवा नदीच्या उथळ पात्राचा तळ पाहिला आहे त्याला हे नवीन नाही. पाणी निर्मळ असते, कोठे सावली पाडण्यासारखे काही नसते, आणि तरी तळाच्या दगडांवर उजेडाच्या रेषांचे जाळे नाचत असते. ते जाळे पृष्ठभागावरील लहरींनी विणलेले आहे. पृष्ठभागाला लागून हात धरला तर त्यावर ते उमटत नाही. विशिष्ट खोलीवर ते सर्वांत रेखीव होते, आणखी खोल गेल्यावर पुन्हा विसकटते.

इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत लहरींची जागा अणू घेतात. अणूच्या आत धन विद्युत्-विभव असतो. घन पदार्थात त्याची सरासरी काही व्होल्ट ते वीस-एक व्होल्ट भरते. २,००,००० किंवा ३,००,००० व्होल्टने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनला हा टेकू नगण्य असला तरी तेवढ्यापुरती त्याची तरंगलांबी किंचित आखूड होते आणि अणूमधून गेलेला तरंग शेजारच्या पोकळीतून गेलेल्या तरंगाशी कलेने जुळत नाही. पातळ नमुना हा म्हणूनच केवळ कला बदलणारा पदार्थ असतो, रामन-नाथांच्या द्रवासारखा. त्यावर भिंग अचूक फोकस करणे म्हणजे द्रवाला लागून पडदा धरणे. फोकस जितका बिनचूक, चित्र तितके कोरे.

यामागचे गणित एका काटकोनात मावते. न वळलेला तरंग १०० मापे लांबीची काठी समजावी आणि अणूंनी वळवलेला क्षीण तरंग ५ मापांची काडी. पातळ नमुन्यात ही काडी काठीच्या टोकाला काटकोनात लागते. दोघींचा कर्ण काढला तर तो १०० हून जेमतेम एक अष्टमांश मापाने मोठा भरतो. तीव्रता या लांबीच्या वर्गावर अवलंबून असल्याने तिच्यातील वाढ पाव टक्काच होते, आणि ती डोळ्याला किंवा यंत्राला जाणवत नाही. हीच काडी ९० अंशांनी फिरवून काठीच्या दिशेत बसवली तर लांबी १०५ होते, उलट दिशेत बसवली तर ९५. तीव्रतेत आता दहा टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. काडी तीच आहे, नमुन्याने केलेले काम तेच आहे. वळवले कोणी हाच प्रश्न आहे. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकात फ्रिट्स झर्निके यांनी हे काम एका काचेच्या तबकडीवर सोपवले व त्यासाठी १९५३ चे नोबेल मिळवले. इलेक्ट्रॉनांसाठी अशी तबकडी करणे कितीतरी कठीण आहे. तेथे हे काम दीर्घकाळ भिंगाच्या दोषाने केले.

ओटो शेर्झर यांनी १९३६ मध्ये सिद्ध केले की नेहमीच्या गोल, स्थिर चुंबकीय भिंगांतून गोलीय विपथन काढूनच टाकता येत नाही. कडेने येणारे इलेक्ट्रॉन नेहमीच प्रमाणाबाहेर वळतात. १९४९ मध्ये त्यांनीच या दोषाचा उपयोग दाखवला. भिंग अचूक फोकसपासून ठरावीक अंतराने ढळवले तर विपथन आणि ढळणे यांचा मिळून जो कलाबदल होतो तो बऱ्याच मोठ्या कोनपट्ट्यात सुमारे ९० अंशांच्या जवळ राहतो. काडी फिरते, अणू काळे उमटतात. एका दोषावर दुसऱ्या दोषाची मात्रा, असे याचे स्वरूप आहे.

परंतु ही फिरवणूक सर्व तपशिलांसाठी सारखी होत नाही. ढोबळ तपशील लहान कोनातून येतात, बारीक तपशील मोठ्या कोनातून, आणि प्रत्येक कोनाच्या वाट्याला वेगळा कलाबदल येतो. काही तपशील पूर्ण फिरतात, काही अर्धे, काही अधिक फिरून उलट दिशेला जातात व काळ्याचे पांढरे करतात, आणि काही नेमके अशा ठिकाणी येतात की ते चित्रातून पुसलेच जातात. फोकस बदलला की कोणी दिसावे, कोणी उलटावे, कोणी लुप्त व्हावे याची सगळी वाटणी बदलते. अणूंच्या ओळींचे सुबक चित्र समोर असताना काळे ठिपके म्हणजे अणू की अणूंमधील पोकळ्या, हे केवळ चित्र पाहून सांगता येत नाही. त्यासाठी नमुन्याची जाडी आणि फोकसचे ढळणे ठाऊक असावे लागते, संभाव्य रचनेवरून संगणकाने चित्र बनवून ते प्रत्यक्ष चित्राशी ताडून पाहावे लागते. अशा चित्राचे ‘येथे अणू दिसत आहेत’ असे शीर्षक जेव्हा या तपशिलांविना छापले जाते तेव्हा ते विधान अपुरे राहते, मग चित्र कितीही देखणे असो.

१९९८ मध्ये जर्मन संशोधकांनी बहुध्रुवी चुंबकांची जोडणी करून गोलीय विपथन दुरुस्त करण्यात यश मिळवले. अशी दुरुस्ती असलेला टायटन जातीचा सूक्ष्मदर्शक जक्कूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातही आला. आता भिंग निर्दोष करता येऊ लागले, आणि त्याबरोबर जुना पेच नव्याने उभा राहिला : निर्दोष भिंग अचूक फोकसवर पातळ नमुन्याचे कोरेच चित्र देणार. तोडगा असा निघाला की दुरुस्ती थोडी पलीकडे न्यावयाची, म्हणजे विपथन शून्यावर न थांबवता किंचित ऋण ठेवावयाचे. अशा मांडणीने २००३ मध्ये युलिख येथे स्ट्राँशियम टायटेनेटमधील ऑक्सिजनचे हलके अणू जड अणूंच्या शेजारी स्वतंत्रपणे दाखवले गेले. तेथे अणू काळ्या पार्श्वभूमीवर उजळ उमटतात. आधीच्या अर्धशतकाच्या चित्रांशी ही चित्रे शेजारी ठेवल्यास एकाच वस्तूची नकारप्रत पाहिल्याचा भास होईल.

बेळ्ळारी रस्त्यावर, गांधी कृषी विज्ञान केंद्राच्या परिसरात, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे ‘नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस’ आहे. तेथील जीवविज्ञान संकुलात गेल्या दशकाच्या उत्तरार्धात ३०० किलोव्होल्टचा टायटन क्रायोस सूक्ष्मदर्शक बसवून क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाची राष्ट्रीय सुविधा उभारण्यात आली. येथे धातूचे लवण वापरले जात नाही. प्रथिनांचे द्रावण द्रवरूप इथेनमध्ये इतक्या झपाट्याने गोठवतात की पाण्याला स्फटिक बनण्यास अवसरच मिळत नाही; काचेसारख्या बर्फाच्या पापुद्र्यात प्रथिनाचे रेणू जसेच्या तसे थिजून राहतात. ही युक्ती झाक दुबोशे यांची. योआखिम फ्रँक व रिचर्ड हेंडरसन यांच्यासह त्यांना २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. प्रथिन आणि बर्फ दोन्ही हलक्या अणूंचे, दोघांच्या घनतेतील अंतर थोडके, म्हणून सारी भिस्त कलाभेदावर. त्यात भर म्हणजे इलेक्ट्रॉनांचा माराच रेणूची मोडतोड करतो. त्यामुळे एका चौरस अँगस्ट्रॉममागे एकूण काही दशक इलेक्ट्रॉनांवर भागवावे लागते. मिळणारे चित्र धुळीने माखलेल्या काचेसारखे दिसते. त्यात रेणू नुसते भासावेत म्हणून फोकस एक ते तीन मायक्रोमीटर, म्हणजे अणूंच्या मानाने प्रचंड, ढळवावा लागतो; आणि एका ढळण्यावर जे तपशील पुसले जातात ते दुसऱ्यावर सापडावेत म्हणून निरनिराळ्या ढळण्यांची हजारो चित्रे घ्यावी लागतात. प्रत्येक चित्रातील काळ्या-पांढऱ्याची उलटापालट संगणक हिशेबाने सरळ करतो, लाखो रेणूंच्या प्रतिमा दिशेनुसार जुळवून त्यांची सरासरी काढतो आणि तीतून त्रिमितीय रचना उभी राहते.

सरासरीच्या या प्रक्रियेतील धोक्याकडे हेंडरसन यांनीच २०१३ मध्ये ठळकपणे लक्ष वेधले. काहीही नसलेली, निव्वळ यादृच्छिक ठिपक्यांची हजारभर चित्रे घ्यावीत. त्यांतील प्रत्येक चित्र आइन्स्टाइन यांच्या छायाचित्राशी जास्तीत जास्त जुळेल असे सरकवावे, फिरवावे. मग सरासरी काढावी. आइन्स्टाइन यांचा चेहरा उमटतो. ठिपक्यांत तो कधीच नव्हता, तो जुळवणाऱ्याने सोबत आणला होता. एका महत्त्वाच्या विषाणू-प्रथिनाच्या प्रसिद्ध झालेल्या रचनेविषयीच्या वादातून हा इशारा पुढे आला होता. यावर आता सर्वत्र पाळला जाणारा उपाय असा की प्रतिमांचे आरंभीच दोन हिस्से करावयाचे, दोन्हींपासून एकमेकांचा वारा न लागू देता दोन रचना उभ्या करावयाच्या, आणि त्या दोन रचना ज्या सूक्ष्मतेपर्यंत एकमेकींशी जुळतात तेवढीच सूक्ष्मता आपल्या चित्राला आहे असे जाहीर करावयाचे.

झर्निके यांच्या तबकडीचे इलेक्ट्रॉनी रूप दरम्यान साकार झाले. जपानमध्ये रादोस्तिन दानेव व कुनियाकी नागायामा यांनी २००१ मध्ये कार्बनच्या पातळ पडद्याचा प्रयोग यशस्वी केला. २०१४ मध्ये त्याची अधिक टिकाऊ आवृत्ती आली. तिच्यामुळे फोकस फारसा न ढळवताही रेणू ठसठशीत दिसतात, विशेषतः लहान प्रथिने आणि पेशींचे अखंड तुकडे. पण या पडद्याने होणारा कलाबदल वापरता वापरता हळूहळू वाढत जातो, पडद्यात थोडे इलेक्ट्रॉन वायाही जातात, आणि नव्या शोधक-यंत्रांमुळे क्षीण दीप्तिभेदातूनही रेणू शोधणे जमू लागले आहे. म्हणून रेणूंच्या नित्याच्या कामासाठी बहुतेक प्रयोगशाळांनी पडदा बाजूला ठेवला असून भिंग ढळवण्याची शेर्झरकालीन रीतच चालू आहे. प्रत्येक चित्रासोबत ते किती ढळवले होते याचा आकडा नोंदला जातो आणि त्या आकड्याशिवाय ते चित्र पुढच्या हिशेबात घेतले जात नाही.